गोजरअक्काचे काळे दात आणि हॉलंडची पाहुणी

आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा तुम्ही काय बोललात, असं मला कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे : "आ करा." व्यापारी, वकील, एसटीचे कंडक्टर, एक आमदार आणि हळद लागलेला एक नवरदेव, एवढ्यांनी माझ्या शब्दाखातर आ केलेला आहे. घरी मात्र उलटा कारभार. आमचे हे म्हणतात, "दिवसभर लोकांची तोंडं उघडून येतेस, आता तुझं जरा मीट."

मिटणं मला जमत नाही. फक्त एकदाच, एक संपूर्ण सकाळ, मी तोंड मिटून उभी होते. ती सकाळ कशी आली, ते सांगते.

आधी आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण वीस वर्षं जवळ राहून आमच्या शेजाऱ्यांनाही ते कळलेलं नाही. मी डेंटल हायजिनिस्ट. दात काढणं डॉक्टरांचं, भरणं डॉक्टरांचं, कवळी बसवणं डॉक्टरांचं. आम्ही दातांवरचं किटण खरवडतो, डाग काढतो, दात घासून लख्ख करतो आणि मग माणसाला घासायचं कसं ते शिकवतो. शेवटचं काम सगळ्यात अवघड. पन्नाशीच्या माणसाला, "तुम्ही आजवर दात चुकीचे घासत होता," हे सांगून बघा.

लोकांची कृतज्ञताही आमच्या वाट्याला वेगळ्या तऱ्हेने येते. किटण निघालं की दातांमधल्या फटी उघड्या पडतात. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले होते. "बाई, तुम्ही माझ्या दातांत भोकं पाडली! शिट्टी वाजते बोलताना! होतं ते परत बसवून द्या!" मी हसून हसून बेजार झाले. बसवून देणं हे आमच्या शास्त्रात नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. तो ठणका पुढे मला फार महागात पडला.

धुळ्याच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आमचा वर्ग होता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, चार खुर्च्या, त्यातली एक पाय मोडलेली, आणि पायाने चालवायचं पॉलिशचं यंत्र. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या सरांची एका परिषदेत हॉलंडच्या यान्सेनबाईंशी ओळख झाली. जेवणाच्या रांगेत सरांनी त्यांना पापड कसा मोडायचा ते दाखवलं आणि त्यातून वर्षभर पत्रव्यवहार झाला. ठरलं असं : त्यांची एक विद्यार्थिनी सहा आठवडे आमच्याकडे राहून शिकणार. शेवटी यान्सेनबाई स्वतः येऊन तिचं काम तपासणार. सगळं पसंत पडलं, तर आमची एक मुलगी सहा आठवडे त्यांच्याकडे जाणार. पसंत पडलं नाही, तर रामराम.

आमची मुलगी म्हणजे करुणा. सगळ्या वर्गात तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. किटण निघतंय हे पेशंटला टवका भांड्यात पडल्याचा आवाज आल्यावरच कळायचं. तिचे वडील भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. ती त्यांना नाना म्हणायची. नाना पासपोर्ट दाखवायला धुळ्याला आले, तो प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून.

"मॅडम, हा आल्या दिवसापासून बुद्धांच्या तसबिरीखाली ठेवला होता. पहिल्यांदा बाहेर काढला," ते म्हणाले. "कॉलनीतल्या बायांनी मिळून स्वेटर विणला. एक बाही डावखुऱ्या बाईनं विणली, म्हणून थोडी उलट्या बाजूनं जाते."

"नाना, अजून जाणं पक्कं नाही हो."

"असं बोलू नका. कॉलनीत बठ्ठ्यांना सांगून झालंय."

मग मारिके आली. वय वीस, उंची सहा फूट. आमच्या बुटक्या स्टुलावर बसली की तिचे गुडघे पेशंटच्या कानाशी यायचे. तिसऱ्या दिवशी तिने शेवभाजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितली. त्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनी तिला मनाने दत्तक घेतलं. पण खरी गंमत तिच्या कामाची. आम्ही एका तोंडाला वीस मिनिटं देतो, कारण बाहेर चाळीस तोंडं बसलेली असतात. मारिके एका तोंडाला दीड तास द्यायची. एकेक दात चारी बाजूंनी पुसून, उजेडात धरल्यासारखा बघून, मग पुढचा. एक पेशंट मला म्हणाला, "बाई, एवढा वेळ तर माझ्या लग्नात भटजींनीही घेतला नव्हता."

तिच्या परीक्षेसाठी एक संपूर्ण केस लागत होती. एकाच माणसाचं पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंतचं काम, त्याचं कार्ड, त्यावर शिकवणाऱ्या बाईंची, म्हणजे माझी सही, आणि तळाशी 'उपचाराबद्दल समाधानी आहे' या ओळीपुढे पेशंटची सही किंवा अंगठा. ते कार्ड यान्सेनबाई बघणार होत्या.

त्यासाठी आम्ही साक्रीच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात आठवडी बाजाराच्या दिवशी शिबिर लावलं. शाळेच्या ओट्यावर घडीची खुर्ची मांडली. करुणा दुभाषी म्हणून मारिकेच्या शेजारी. आणि मी? मी बाजारात. माझ्याकडे पुठ्ठ्याचा हातभर जबडा आणि भिंत रंगवायचा ब्रश होता. तो घेऊन मी दात घासण्याचं नाटक करायची. किडीचा आवाज मी, दाढेचा आवाज मी, सासूचा आवाज मी. त्या दिवशी तर माझ्या अंगात आलं होतं. मिरचीवाल्या मिरच्या सोडून बघत होत्या. तेवढ्यात करुणा कार्ड घेऊन धावत आली.

"मॅडम, केस मिळाली! गोजरअक्का नावाच्या आजी आहेत. हिरड्यांतून रक्त येतं. आणि दातांवर काळे डाग, इतके गडद की मारिके म्हणते असे तिने पुस्तकातही पाहिले नाहीत. काढायचे ना?"

"मशेरी असेल," मी म्हणाले. ओट्यापर्यंतचं अंतर वीस पावलं होतं. पण इकडे टाळ्या वाजत होत्या. मी जबडा काखेत धरला, कार्डावर सही ठोकली आणि सासूच्या आवाजात पुढचं वाक्य टाकलं.

मारिकेने दोन तास काम केलं. हिरड्या साफ केल्या, मग त्या काळ्या थराशी झुंज. अक्का सत्तरीच्या. उन्हाच्या कवडशात त्यांना खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा मारिकेने घामाघूम चेहऱ्याने, अभिमानाने, आरसा पुढे केला.

अक्कांनी आरशात पाहिलं. मागे वळून पाहिलं. परत आरशात पाहिलं.

"मना दात कोठे गयात वं?"

"अक्का, हेच तुमचे दात," करुणा म्हणाली. "आता स्वच्छ झालेत."

"हाई मना नही! मना काया व्हतात! मना धल्ला जित्ता शे ना वं माय!"

माझा म्हातारा जिवंत आहे ना! नाटक संपवून मी तेवढ्यात ओट्यापाशी आले होते. हे ऐकलं आणि माझ्या हातातला पुठ्ठ्याचा जबडा गळून पडला. कारण त्या क्षणी मला सगळं कळलं. ती मशेरी नव्हती, ते दातवण होतं. जुन्या काळी लग्न झालं की बाईचे दात काळे करत. हिरडा, मायफळ, हिराकस असलं काहीबाही कुटून केलेली पूड लावायची, पुन्हा पुन्हा लावायची, की दात जांभळासारखे काळे कुळकुळीत. कुंकू जेवढं मोलाचं, तेवढेच ते दात. करुणाच्या घरात, मारिकेच्या देशात हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. मी फक्त वीस पावलं चालले नव्हते. आणि आम्ही एका सवाष्णीचं सौभाग्य, नवरा घरी बाजेवर बसलेला असताना, मन लावून घासून काढलं होतं.

बाजार गोळा झाला. अक्का तोंडाला पदर लावून ताडताड निघून गेल्या. एक बाई करुणाला म्हणाली, "आते तुम्ही ह्या गावले येऊ नका." मारिके विचारत होती, काय झालं, काय झालं. करुणाने सांगितलं तेव्हा ती सहा फुटांची मुलगी ओट्याच्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली. करुणा रडली नाही. तिने हत्यारं पुसून डब्यात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, अक्कांचं बोलणं मला अर्धंच कळत होतं. मी भुसावळकडची. पण मला बठ्ठं कळतंय, असं मीच मारिकेला सांगितलं होतं."

यान्सेनबाई चार दिवसांनी यायच्या होत्या.

दोन दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. सर माणूस भला, फक्त घाबरट. "सोपा मार्ग आहे," ते म्हणाले. "दुभाषी करुणा होती. तिच्या समजण्यात चूक झाली, असं लिहून देऊ. मारिकेची परीक्षा वाचेल, पुढच्या वर्षी दुसरी मुलगी पाठवू."

"कार्डावर सही माझी आहे, सर."

"तुमची सही वाचता कुठे येते?"

"वाचता येत नाही, पण माझी आहे हे अख्ख्या धुळ्याला कळतं."

तेवढ्यात मारिके दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, पण हनुवटी वर. तिच्या त्या अडखळत्या इंग्रजीत ती म्हणाली, "मी काढलं. मीच परत लावणार."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "दंतस्वच्छतेच्या वर्गाने दातांना काळं फासायचं?"

मला केळीचे व्यापारी आठवले. होतं ते परत बसवून द्या. आमच्या शास्त्रात नाही, म्हणाले होते ना मी? बरं मग. शास्त्रात नाही, तर बाजारात शोधू.

आग्रा रोडवरच्या काष्ठौषधीच्या एका दुकानात म्हाताऱ्या शेटजींनी शिडी लावून वरच्या फळीवरचा डबा काढला. त्यात दोन पुड्या निघाल्या.

"कोणाचं लग्न, बाई?"

"लग्न जुनंच आहे, शेटजी. दुरुस्ती निघाली."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जीपने अक्कांच्या अंगणात. अक्का चुलीकडे तोंड करून बसलेल्या, पदर नाकापर्यंत. त्यांचे यजमान धुडकू आबा बाजेवर. मी हात जोडले आणि जे तीन दिवस घशात अडकलं होतं ते सांगून टाकलं. "अक्का, पोरींची चूक नाही. मी न बघता सही केली. मला माहीत असायला हवं होतं."

अक्कांनी चुलीत एक लाकूड सारलं. उत्तर बाजेवरून आलं, आणि तेही हसण्याचं. धुडकू आबा खो खो हसत होते.

"लगन व्हईसन पन्नास वरीस व्हयनात, बाई. हाई मन्हा घरमा उनी तैं दात कायाच व्हतात. पांढरा दात म्या कधी देखाच नही! त्या दिन बाजारथून उनी, तोंड उघाडं, अन माले वाटनं, हाई नवी नवरी कोनी आनी?"

"देखा!" अक्का गरजल्या. "तीन दिन पासून असाच हसी ऱ्हायना! मन्हा जीव जाई ऱ्हायना, अन धल्लाले नवी नवरी दिसी ऱ्हायनी!"

पदर आपसूक बाजूला झाला होता. मला सांगायला हरकत नाही, काम अप्रतिम होतं. असे दात मी पन्नाशीच्या माणसातही पाहिले नव्हते. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी पहिल्यांदा जीभ चावली.

मग करुणा पुढे गेली आणि अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसली. "अक्का, मला तुमची बोली अर्धीच कळते. आज हळू सांगा. मी कळेपर्यंत परत परत विचारेन. दातवण कसं लावतात?"

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. मग एकेक गोष्ट सांगायला लागल्या. पुडी कशात कालवायची, बोट कसं फिरवायचं, किती वेळ तोंड बंद ठेवायचं. करुणा विचारायची, पक्कं करायची, मग मारिकेला सांगायची. मारिकेने कापसाच्या वळकट्या गालांत बसवल्या, दात कोरडे केले आणि जसे दोन तास घासले होते तसेच दोन तास रंगवले. एकेक दात, चारी बाजूंनी. सगळी गल्ली अंगणात. एक सूनबाई म्हणाली, "इतलं तं नवरीलेबी कोनी करत नही."

आरसा पुढे झाला. अक्कांनी बघितलं आणि त्या हसल्या. काय ते हसू! काळ्या मोत्यांची लड. धुडकू आबांनी उसासा टाकला, "ऱ्हायनी का परत जुनीच!" आणि अक्कांनी त्यांच्या दिशेने कापसाची वळकटी भिरकावली.

मी कार्ड पुढे केलं. अक्का अंगठा उचलून थांबल्या. त्यांची नजर माझ्या तोंडावर.

"तुनं लगन व्हयेल शे ना?"

"हो, पंधरा वर्षं झाली."

"मंग तुना दात असा पांढरा कसाले? आ कर."

मी मागे सरकले. करुणा आणि मारिके, माझ्या दोन्ही लाडक्या विद्यार्थिनींनी, माझे दोन्ही खांदे धरले. आणि जिने खानदेशातली हजारो तोंडं उघडली, तिने गोजरअक्कापुढे आ केला. पुढचे सहा वरचे, सहा खालचे, आणि हौसेने मागची एक दाढ, एवढं अक्कांनी रंगवलं. "आठ दिन काढानं नही," अक्कांनी बजावलं, आणि त्याच हाताने कार्डावर अंगठा उमटवला. शाईचा नव्हे, दातवणाचा.

घरी आमचे हे दार उघडून बघतच राहिले. मग म्हणाले, "आता तरी मिटशील?"

दुसऱ्या दिवशी यान्सेनबाई आल्या. दंतस्वच्छतेच्या वर्गाच्या दारात हार घेऊन स्वागताला कोण? मी. सरांनी हात जोडून विनवलं होतं, "बाई, आज फक्त माना डोलवा." मी अक्काला शब्द दिला होता आणि सरांनाही. म्हणून सकाळभर ओठ घट्ट. यान्सेनबाईंनी खुर्च्या बघितल्या, मी मान डोलवली. यंत्र बघितलं, मी मान डोलवली. शेवटी त्या थांबल्या. उंच, चष्मेवाल्या, शाळा तपासणीसासारख्या.

"यांची प्रकृती बरी नाही का?"

पंचवीस मुली माझ्याकडे बघत होत्या. एकीला खुदकन हसू फुटलं. ते मला लागलं आणि मी हसले. पूर्ण.

यान्सेनबाईंनी पर्समधून टॉर्च काढला. "ओपन," त्या म्हणाल्या. मी आ केला. सरांनी डोळे मिटले.

"हे काय आहे?"

मग करुणा पुढे आली. हिला आज गप्प बसण्यात सगळा फायदा होता. पासपोर्ट, स्वेटर, कॉलनी, सगळं एका वाक्यावर टांगलेलं. ती इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली : "ही आमच्या तिघींची चूक आहे. मॅडमनी न बघता सही केली. मारिकेने न विचारता काढलं. आणि मला अर्धं कळलं होतं, तरी मी सगळं कळलं असं म्हणाले." मग तिने गोजरअक्काची गोष्ट सांगितली, नव्या नवरीसकट. शेवटी ते कार्ड पुढे ठेवलं.

यान्सेनबाईंनी तो काळा अंगठा बराच वेळ पाहिला. बोटाने हलकेच पुसून पाहिला. निघाला नाही.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळचं." मग पेन काढून त्यांनी आमच्या कोऱ्या कार्डावर, 'डाग' या रकान्याच्या वर, स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : हा रंग तुम्हाला ठेवायचा आहे का? "हे आमच्या कार्डावरही नाही," म्हणाल्या. "तुमची ही मुलगी येताना घेऊन येईल."

सरांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि तो हार चुकून मलाच घातला.

आठ दिवस पूर्ण झाले त्या सकाळी करुणाने मला खुर्चीत बसवलं. तिचं जाणं ठरलं होतं, उलट्या बाहीच्या स्वेटरसकट. हातात किटण खरवडायचा स्केलर घेऊन ती थांबली. "मॅडम, सगळे काढू? की काही ठेवायचंय?"

विचारलं तिने! मी शिकवलं नव्हतं ते. मागची दाढ राहू दे, म्हटलं.

महिन्याभराने हॉलंडहून तिचं पत्र आलं. वर्गात मीच ते वाचून दाखवलं, करुणाचा, मारिकेचा आणि तिसऱ्या एका माणसाचा, असे तीन आवाज काढून. तिचा पहिला पेशंट एक म्हातारा कोळी होता. सगळा जन्म बोटीवर, तोंडात चिलमीसारखा पाइप धरून गेलेला. दात तपकिरी, आणि एका दाताला पाइप टेकवून टेकवून खाच पडलेली. मारिके शेजारी दुभाषी म्हणून बसली होती. करुणाने विचारलं, बाबा, यातलं काही ठेवायचंय का? म्हातारा चकित. सत्तर वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. बराच विचार करून त्याने त्या खाचेच्या दातावर बोट ठेवलं. हा राहू दे. ही माझी जागा आहे.

करुणाने लिहिलं होतं, "मॅडम, मी तो सोडला. बाकीचे लख्ख केले. जाताना बाबांनी माझ्या स्वेटरची बाही नीट बघितली आणि मारिकेला सांगितलं, हिला सांग, ही बाही कुणी सरळ करायला लागलं तर करू देऊ नकोस."

आता करुणा आमच्याच वर्गात शिकवते. माझ्या मागच्या दाढेचा रंग काही कायमचा टिकत नाही, म्हणून दर दिवाळीच्या आधी मी साक्रीकडे जाते. गोजरअक्का दाराशी पुडी कालवूनच बसलेल्या असतात. धुडकू आबा बाजेवरून विचारतात, "बाई, उनी का परत जुनीच?" आणि नव्या वर्षाच्या मुली वर्गात आल्या की पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. समोर उभी राहते आणि आ करते.